ओल्या पडद्याची मागची बाजू

परवा राजव्वा आणि मी सिनेमाला गेलो होतो. आमच्या दोघींच्या वयांची बेरीज नव्वदीच्या वर जाते, त्यामुळे आम्ही गादीच्या खुर्च्या घेतल्या. डोक्यावर पंखा फिरत होता. चित्र ऐतिहासिक. जुनं शहर, दगडी वेस, वेशीवर मशाली, आणि त्या शहराला छळणारी गुंडांची एक टोळी. टोळीच्या नायकाच्या मिशा अशा, की दोन्ही टोकांवर एकेक लिंबू सुखानं बसावं. त्यानं एका गरीब विणकराच्या घरात शिरून तलवार उपसली. थेटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत राजव्वानं मला कोपर मारलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"अगं, उलटं लावलंय की ह्यांनी!"

पुढच्या रांगेतल्या तिघांनी वळून पाहिलं. मी तोंडात पदर कोंबला. गुंडानं तलवार उजव्या हातात धरली होती. जगातले बहुतेक गुंड तशीच धरतात. पण राजव्वाचं म्हणणंही खोटं नव्हतं. आमच्या तरुणपणी सोलापुरात आम्ही जेवढे राजे, सरदार, दरोडेखोर आणि साधू पडद्यावर पाहिले, ते सगळे डावखुरे होते. डाव्या हातानं तलवार चालवायचे, डाव्या हातानं जेवायचे. प्रत्यक्ष देव प्रकट होऊन वर द्यायचा, तोसुद्धा डाव्या हातानं. आणि आम्हां बायकांना त्यात काहीही वावगं वाटत नसे. सिनेमातल्या लोकांची तशीच रीत असेल, दुसरं काय!

याचं कारण साधं होतं. आम्ही पडद्याच्या मागं बसायचो.

ते थेटर म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. तिथं पूर्वी सरकीची पोती रचत, त्यामुळे कितीही उदबत्त्या लावल्या तरी सरकीचा तेलकट वास काही जायचा नाही. शेडच्या मधोमध मांजरपाटाचं मोठं कापड ताणलेलं. अलीकडं पुरुष, मशीन, पेटी-तबला, सगळा थाट. पलीकडं बायका, मुलं आणि तरटं. खेळ सुरू व्हायच्या आधी दोन गडी पितळी पिचकाऱ्या घेऊन यायचे आणि पडदा भिजवायचे. ओल्या कापडातून उजेड आरपार येतो आणि मागच्या बाजूलाही चित्र स्वच्छ दिसतं. चैत्र-वैशाखात पत्रा असा तापायचा की पडदा अर्ध्या खेळातच सुकायचा, चित्र फिकं पडायचं, आणि बायका एका सुरात ओरडायच्या, "पाणी! पाणी!" मग पुन्हा पिचकाऱ्या. निम्मं पाणी आमच्या अंगावर. खरं सांगू? कित्येक जणी चित्रासाठी नव्हे, त्या थेंबांसाठीच यायच्या.

अजूनही नवं कोरं कापड पाण्यात टाकलं आणि खळीचा तो वास उठला, की मला घोड्यांच्या टापा ऐकू येतात. त्यात जवळच बसलेल्या बायकांच्या बोटांचा तंबाखूचा वास मिसळायचा, कारण आमच्यातल्या निम्म्या जणी दिवसभर विड्या वळायच्या. वेणीतला मोगरा, भुईमुगाच्या भाजक्या शेंगा, कुणाच्या तरी तान्ह्याला लावलेलं एरंडेल. पलीकडून मशीनचा दांडा फिरवल्याची किर्रर्र, आणि चार वाजता मिलचा भोंगा झाला की पडद्यावर कुणी मरत असलं तरी 'आता चूल!' म्हणत पन्नास जणींनी एकदम टाकलेला उसासा.

तेव्हा चित्रं मुकी होती. मधूनमधून अक्षरांच्या पाट्या यायच्या आणि पुरुषांच्या बाजूला उस्मानचाचा त्या मोठ्यानं वाचून समजावायचे. चाचा सकाळी अत्तर विकायचे आणि दुपारनंतर आवाज. मधाळ, भरदार, मधेच रडवणारा आवाज. पण पेटी-तबल्याच्या पलीकडून तो आमच्यापर्यंत यायचा तो रांजणात बसून कुणी बोलावं तसा. आणि पाट्या वाचाव्यात तर त्या मागून उलट्या, आरशात बघितल्यासारख्या. वाचणार कोण?

मी!

माझे बाबा एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची अक्षरं उलटी असतात, जुळवलेलं पानही उलटं. शाळेत नाव घालायच्या आधीच मी बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून अक्षरं शिकले, आणि शिकले ती सगळी उलटी. शाळेत पहिल्याच दिवशी पाटीवर उलटा 'क' काढला म्हणून छडी खाल्ली. पण विद्या फुकट जात नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी, बाबांना माझ्या लग्नाची मुळीच घाई नसताना आणि आमच्या गल्लीला ती फार असताना, मी पडद्यामागची वाचणारी झाले. चाचांइतकी नसेन, पण माझीही एक शैली होती. पाटीवर एक ओळ असली तर मी तीन वाचायची. राणी नुसती 'हाय रे दैवा' म्हणाली, तर मी तिच्या तोंडी सासूबद्दलही चार शब्द घालायची.

मी मराठीत वाचलं की शेजारी बसलेली राजव्वा तेच तेलुगूत सांगायची, कारण आमच्या पेठेतल्या विणकरांच्या बायका तेलुगू. तिच्या मागं बसलेली अक्कलकोटकडची एक मावशी ते कानडीत पुढं ढकलायची. त्यामुळे एका विनोदाला आमच्याकडं तीनदा हसू यायचं. आधी मराठी, मग तेलुगू, मग कानडी. तिसरं हसू येईपर्यंत पडद्यावर बहुधा कुणाची तरी चिता पेटलेली असायची. पलीकडच्या पुरुषांना कळेना की ह्या बाया प्रेतयात्रेला का हसतात.

तर त्या वर्षी ते गुंडांचं चित्र आलं. नाव सांगत नाही, तुम्ही शोधत बसाल. गोष्ट कुठल्याशा जुन्या राजधानीतली. शहराला चार वेशी आणि प्रत्येक वेशीवर एक टोळी. पूर्वेच्या वेशीचा दादा भैरव. तो विणकरांकडून दर मागामागं एक धोतरजोडी उकळायचा, भाजीवाल्यांच्या टोपल्या लाथाडायचा, आणि वेशीला लागूनच असलेल्या दारूच्या गुत्त्यात बसून मिशीला पीळ भरायचा. गुत्त्याबाहेर बायका उभ्या. हातात नवऱ्याची मजुरी पडायच्या आधी तो आत शिरू नये म्हणून.

त्या गुत्त्याची पाटी मी वाचली. मग एक जण हळूच म्हणाली,

"हे जुनं शहर न्हवं गं. ही आपली पेठ हाय."

खरंच होतं. राज्य गोऱ्या साहेबाचं. आजच्या शहरातला गुत्ता, आजचे दादा, आजचा झोपाळू शिपाई दाखवला असता तर चित्र डब्यातच राहिलं असतं. म्हणून त्या शहाण्या लोकांनी सगळ्यांना पगड्या बांधल्या, कमरेला तलवारी लटकावल्या आणि दोनशे वर्षं मागं नेऊन बसवलं. साहेबाला वाटलं इतिहास. आमच्या बायका मात्र प्रत्येक पगडीखालचा माणूस ओळखत होत्या. "त्यो वेशीवरचा पहारेकरी बघ, आपल्या हवालदारावानीच पेंगतोय!" "आन् ती टोपलीवाली डिट्टो माझी जाऊ!" शेवटच्या रिळात एक राजपुत्र येऊन तलवारीच्या चार हातांत सगळ्या टोळ्या झोपवायचा, तेव्हा मागून आवाज आला, "ह्यो आमच्या पेठंत कवा येनार हाय? पत्ता द्या की त्याला!"

सगळ्या हसल्या. हसली नाही ती एकटी नरसव्वामावशी, राजव्वाची आई.

मावशीचा नवरा पगाराच्या एका संध्याकाळी गुत्त्यात गेला आणि चार माणसांच्या खांद्यावर घरी आला. तेव्हापासून ती विड्या वळून तीन मुलींना वाढवत होती. राजव्वा थोरली. तिचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटून झाली होती, लग्न पंधरा दिवसांवर. मुलगा मल्लेश. गोरागोमटा नव्हे, पण हातमागावर त्याचा हात असा चालायचा की त्याच्या साडीचा काठ बघून लोक त्याचं नाव सांगत. आणि हो, तो डावखुरा होता. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची दोरी सगळे उजव्या हातानं ओढतात, हा डाव्या. रोज पहाटे तालमीत जायचा, डाव्या मनगटात तांब्याचं कडं घालायचा. राजव्वाला तो आवडायचा. तेव्हाच्या मुली असं बोलून दाखवत नसत, पण त्याच्या मागाचा आवाज ऐकू यावा म्हणून ती पाणी भरायला दोन गल्ल्यांचा वळसा घेऊन जायची. रिकामी घागर घेऊन इतकं लांब कोण चालतं?

चित्राच्या सहाव्या रिळात भैरव झिंगून घरी येतो आणि बायकोवर हात उगारतो. मनगटात कडं. हात डावा.

माझ्या शेजारी बसलेल्या मावशीनं बोटानं तो हात दाखवला. ती एवढंच म्हणाली, "एडम चेय." म्हणजे डावा हात.

घरी जाताना बोळाच्या तोंडाशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "न्हाय द्यायची माजी पोर त्या मल्लेशला."

"मावशी, असं काय? सुपारी फुटलीय!"

"फुटली तर फुटली. माजं डोकं दोनदा फुटायचं न्हाय. तालीम, कडं, आन् त्योच हात. देवानं मला चित्र काढून दाकवलं. आनिक काय पाटी लावून सांगनार हाय?"

"अहो, तो भैरव डावखुरा नाहीच. आपण मागं बसतो म्हणून उलटं दिसतं."

मावशीनं कमरेवर हात ठेवले. "मला शिकवतीस? चार वर्सं झाली मी हितं बसते. नाक नाकाच्या जागी, डोकं वरती, पाय खालती. समदं सरळ, आन् हातच तेवढा उलटा व्हतो व्हय?"

ह्याचं उत्तर तुम्हांला सुचतं का बघा. मावशीला अक्षर येत नव्हतं, तेव्हा उलटी पाटी आणि सुलटी पाटी तिला एकच. "मग एकदा पुढून येऊन बघा," मी म्हटलं. त्यावर तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी जणू तिला भर बाजारात नाचायला सांगितलं होतं. पुरुषांच्यात बसायचं? ह्या वयात?

राजव्वा रडली नाही, भांडली नाही. तिनं फक्त तंबाखू कमी भरायला सुरुवात केली. विड्या अशा पोकळ होऊ लागल्या की कारखानदारानं दोन दिवस तिचा निम्मा माल परत केला. मावशी पोकळ विड्या सोडवून पुन्हा भरायची. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की आता आपण काहीतरी वेडेपणा केला पाहिजे.

थेटरच्या जाहिराती बाबांच्या छापखान्यात छापायच्या आणि त्यांचा गठ्ठा पोचवायचं काम माझं. त्या निमित्तानं मी मशीनवाल्या पांडबाला गाठलं. पांडबाचा उजवा दंड दांडा फिरवून फिरवून पैलवानासारखा झाला होता आणि डावा आमच्या मास्तरांसारखा राहिला होता. मी म्हटलं, "पांडबाकाका, फीत आरपार दिसते ना? कागद दिव्यासमोर धरून पाठीमागनं बघितला तर अक्षर उलटं दिसतं. मग फीतच उलटी बसवली, तर मागं सुलटं दिसेल का?"

"दिसंल की. पन पुढं समदं उलटं हुईल."

"एकच रीळ. सहावं. मंगळवारच्या बाजाराच्या खेळाला."

"आन् मालक मला मशिनीतच गुंडाळून धाडून देईल!"

मी सगळी हकिगत सांगितली. पांडबानं डोकं खाजवलं, विडी पेटवली, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तरीच म्हनलं दोन दिस झाले विडी पोकळ का लागतीया." मग हळूच, "तुमच्या घरची शेंगाची चटनी लई ग्वाड असती म्हनं."

मंगळवारी मी त्याला पाच कडक भाकरी आणि चटणीचा डबा दिला. पापड मोडावा तशी भाकरी मोडत तो म्हणाला, "पोरी, रीळ उलटं गुंडाळलंय. आता तुजं तू बघ."

मावशीला पुन्हा आणायला मात्र भाकरी पुरली नसती. मी विहिरीवर नुसतं म्हटलं, "मावशी, बायका म्हणतात तुम्ही नीट बघितलंच नाही. नजर कमी झाली म्हणतात." झालं! मावशी मंगळवारी दुपारी दोन नणंदा साक्षीला घेऊन पहिल्या तरटावर हजर. मल्लेशलाही मी निरोप धाडला होता, ये म्हणून. का, ते कळवलं नाही. तो तालमीतल्या चौघांबरोबर पलीकडं येऊन बसला होता, मान खाली घालून.

पाच रिळं नेहमीसारखी गेली. सहावं लागलं.

पहिली गंमत माझीच झाली. पाटी आली, आणि मला वाचताच येईना! चार वर्षं त्या पडद्यावर मी उलटी अक्षरं वाचलेली. सुलटी समोर आल्यावर मी बावचळले. "पू... पूर्वेच्या..." असं अडखळते आहे तोवर पलीकडं हलकल्लोळ उडाला होता.

"चाचा! पाटी उलटी!"

"चाचा, शीर्षासन करा!"

उस्मानचाचांना सगळ्या पाट्या पाठ होत्या, पण गोंधळात त्यांचा धागा सुटला. पडद्यावर भैरव गुत्त्यात मडकं तोंडाला लावत होता आणि चाचा भरल्या गळ्यानं सांगत होते, "देखो, रानीसाहेबा झूले पे बैठ को मायके की याद कर रईं!" थेटर कोसळलं. चाचांचा आवाज, तो मधासारखा आवाज, पहिल्यांदाच थांबला. मला त्यांची फार दया आली. मी उठून उभी राहिले, पडद्याला तोंड लावलं आणि जिवाच्या आकांतानं वाचलं, "पूर्वेच्या वेशीवर भैरवाची सत्ता! गुत्ता त्याचा दरबार, दारू त्याची राणी!"

पलीकडून चाचा म्हणाले, "शाबास बेटी. पढ. मैं सुनतूं." आणि त्या दिवशी सोलापुरातल्या पुरुषांनी आख्खं सहावं रीळ एका पोरीच्या आवाजात ऐकलं.

भैरव घरी आला. बायकोवर हात उगारला. आमच्या बाजूला मावशी पुढं झुकली. हात उजवा होता!

"अय्यो," ती म्हणाली. "आज उजवा?"

आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडं तालमीतली टवाळ पोरं ओरडली, "अरं, ह्यो तर डावरा झाला! मल्ल्या, तुजा भाऊ रं!" "मल्ल्या, कडं बी तुजंच हाय की!" "डावरा! डावरा!" टाळ्या पडू लागल्या.

मावशीला पटेना. तिच्या डोळ्यांसमोर माणूस उजव्या हातानं मारत होता आणि पलीकडचे शपथेवर डावा म्हणत होते. ती उठली, पडद्यावर थाप मारून ओरडली, "गप बसा रं! डोळं फुटलं का? उजवा हाय त्यो!"

"डावा हाय, अक्का!"

"उजवा!"

"डावा!"

अर्धं थेटर इकडून, अर्धं तिकडून. मधे ओल्या कापडावर भैरवाचा हात तसाच वर. मग मावशीनं जे केलं, ते त्या थेटरात आजवर कुणी बाईनं केलं नव्हतं. तिनं पडद्याचं खालचं टोक उचललं आणि वाकून पलीकडं गेली.

आम्हांला तिची सावली दिसली. वेशीएवढी मोठी, डोक्यावर पदर असलेली सावली, राजधानीच्या मधोमध. ती वळली. पडद्याकडं बघत राहिली. पुन्हा वाकून आमच्याकडं आली, वर बघितलं: उजवा. पुन्हा तिकडं: डावा. पांडबाला दांडा थांबवता येत नव्हता, फीत पेटली असती. म्हणून तो जमेल तितकं सावकाश फिरवत होता आणि भैरव पाण्यातून हात हलवावा तसा हळूहळू मारत होता. मी आणि राजव्वानं पडद्याची कड उचलून डोकी बाहेर काढली. मावशीच्या पांढऱ्या लुगड्यावर भैरव पडला होता. त्याची मिशी तिच्या खांद्यावर, त्याचा हात तिच्या छातीवर. तिनं खाली बघितलं आणि धूळ झटकावी तसा तो हात झटकला.

"मल्लेश कुटं हाय?"

मागच्या बाकावरून तो उठला आणि उजेडाच्या झोतात आला. "हितं हाय, अत्तम्मा." सासूला हाक मारावी तशी हाक, आणि लग्न मोडलेलं.

"हात दाव."

त्यानं दोन्ही पुढं केले. मावशीनं डावा उलटा केला, अंगठ्यानं चाचपला. तिथं दोरीचा घट्टा होता, रुपयाएवढा. ती तो घट्टा ओळखत होती. तिच्या बापालाही तो होता. मग म्हणाली,

"हाताचं सोड. मारनाऱ्याला कुटला बी चालतो. पाय कुटं जातात ते सांग."

"मागावर. तालमीत. घरी."

"गुत्त्यात?"

"रस्ता ठावं न्हाय असं म्हनत न्हाय," मल्लेश म्हणाला. "पन गेलो न्हाय. जानार न्हाय."

तेवढ्यात आमच्या बाजूनं, तरटांच्या पार शेवटून, एक किनरा आवाज आला, "नरसव्वा, तिकडं माजा बी नवरा बसलाय! त्याचे पाय इचार की!"

"माज्या बी!"

"आन् माज्या बी! चौकड्याचा सदरा घातलाय बग, खांबाआड!"

काय सांगू तुम्हांला! मराठीत, तेलुगूत, कानडीत बायका नवऱ्यांची नावं घेऊ लागल्या. ज्या बाया उखाण्याशिवाय नाव घेत नसत, त्या! पलीकडं बाकं सरकू लागली, टोप्या खाली ओढल्या गेल्या, चौकड्याचा सदरा खांबाआडून दाराकडं निघाला आणि दारात मालकाशी आपटला. राजपुत्राला चार टोळ्या हटवायला शेवटचं रीळ लागायचं. आमच्या बायकांनी सहाव्यातच थेटर निम्मं रिकामं केलं.

मालक पांडबाला काढणारच होता. पण पुढच्या दोन दिवसांत लोक येऊन विचारू लागले, "म्हातारी पडद्यातनं भाईर येती त्यो ख्योळ कवा हाय?" मग मालकानं पांडबाला ठेवलं आणि मावशीला फुकट पास देऊ केला. मावशी म्हणाली, मागच्या बाजूचा असला तरच घेईन. उस्मानचाचांनी मला हिन्याच्या अत्तराची छोटी कुपी दिली. "बेटी, आज तूच मेरी लाज रक्खी." कुपी कधीच रिकामी झाली, पण बूच काढलं तर अजून अंगभर वास येतो, निदान मला तरी.

त्या चित्राबद्दल मावशीचं मत मात्र शेवटपर्यंत वाईटच राहिलं. "भैरवला मारलं, बरं क्येलं," ती म्हणायची. "पन गुत्तेवाला सुटला की! त्याला कुनी हात लावला न्हाय, ना डावा ना उजवा." मी पुढं पुष्कळ शिकलेल्या लोकांकडून चित्रांवरची मतं ऐकली. याच्याहून नेमकं मत ऐकल्याचं आठवत नाही.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. मंगळसूत्र बांधायची वेळ आली आणि मल्लेशनं गाठ मारायला, सवयीनं, डावा हात पुढं केला. भटजींनी तोंड वाकडं केलं. "उजवा, उजवा. शुभकार्य आहे."

मल्लेशनं हात बदलला. गाठ काही बसेना. दोनदा सुटली. मंडपात कुजबुज सुरू झाली, राजव्वाची मान आणखी खाली गेली. तेव्हा नरसव्वामावशी अक्षतांचं ताट बाजूला ठेवून पुढं आली.

"भटजी, बांदू द्या त्याला त्याच्या हातानं. आमाला दोन्ही बाजूनं बगायची सवय हाय. गाठ सुटली न्हाय म्हंजी झालं."

डाव्या हातानं, एका दमात, विणकराची गाठ बसली. ती अजून आहे.

परवाचा सिनेमा संपला तेव्हा उजव्या हाताचा गुंड मेला होता, राजपुत्र घोड्यावर बसला होता आणि गुत्तेवाला, तुम्ही ओळखलंच असेल, सुखरूप सुटला होता. लोक दाराकडं निघाले. राजव्वा मात्र मला ओढत थेटरच्या बाजूच्या बोळात घेऊन गेली. "ये की गं. मागनं कसं हाय ते बघू."

मागं नुसती भिंत होती. पडद्याची पाठ असायला हवी तिथं, सिमेंटची, उंच, कोरी. दिवसभराचं ऊन प्यायलेली. खाली शेंगांची टरफलं आणि फाटक्या जाहिराती. राजव्वानं भिंतीवर तळवा ठेवला, डोळे मिटले.

"ओली हाय का गं?" मी विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली. "पन वास येतोय."

आम्ही दोघी पन्नाशीला टेकलेल्या बाया भिंतीला नाक लावून उभ्या राहिलो. एक सायकलवाला आमच्याकडं बघत बघत दिव्याच्या खांबाला धडकता धडकता वाचला. इतक्यात बोळाच्या तोंडाशी मल्लेश दिसला. आम्हांला न्यायला आला होता, टांगा थांबवून. केस पांढरे, खांदे तसेच रुंद. त्यानं लांबूनच हात वर केला.

राजव्वानं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. आणि भिंतीपाशी उभ्या राहून आम्ही दोघींनी एकदमच आरोळी ठोकली,

"उजवा!"

"डावा हाय, डावा!" तो बोळातून ओरडला, आणि टांगेवाल्याला काही कळायच्या आत तिघंही हसत सुटलो.